शाळेची श्रेणी आणि शासनाचा हिशेब

शाळेला श्रेणी देणे आणि मुलांच्या प्रगतीचा अहवाल वरच्या कार्यालयाकडे पाठवणे, या दोन्ही गोष्टी महाराष्ट्रात नव्या नाहीत. इंग्लंडने १८६२ साली शाळांचे अनुदान मुलांच्या परीक्षेतील यशाशी बांधले आणि पुढे ती पद्धत मुंबई इलाख्यातही आली. इन्स्पेक्टरने मुलांची परीक्षा घ्यायची आणि जितकी मुले उतरतील तितके अनुदान द्यायचे, असा तो व्यवहार होता. १८८२ मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी त्याला स्पष्ट विरोध केला. ज्या समाजाला शिक्षणाची गोडी अजून लागायची आहे, त्या गरीब समाजात ही रीत चालणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. अशा अटीवर तिथे शाळा काढायला शिक्षक पुढे येणार नाही, कारण त्यावर त्याचा निर्वाहच होणार नाही. निकाल मोजणारी व्यवस्था सर्वांत आधी कोणाला मागे टाकते, हे फुल्यांनी नेमके हेरले होते.

आज अनुदानाऐवजी श्रेणी आली आहे. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला, पायाभूत आणि संकलित चाचण्या आल्या, ‘सरल’ या ऑनलाइन प्रणालीत एकेका मुलाची माहिती भरली जाऊ लागली. त्याच वर्षी केंद्राची ‘शाळासिद्धी’ आली; सात क्षेत्रांत शाळेने स्वतःचे मूल्यमापन करायचे. त्यात यू-डायस प्लसची वार्षिक माहिती, राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण आणि ‘मुख्यमंत्री माझी शाळा सुंदर शाळा’ अभियानाचे गुण यांची भर पडली. अलीकडच्या ‘स्क्वाफ’ या शाळा गुणवत्ता मूल्यांकन आराखड्यात १२८ मानकांवर शाळेने स्वतःला तपासून पुरावे चढवायचे आहेत. प्रत्येक योजनेमागचा हेतू चांगला आहे. सरकारी शाळेत मूल शिकते की नाही हे विचारण्याचा समाजाला पूर्ण हक्क आहे, आणि तो प्रश्न टाळणाऱ्या शिक्षकाची बाजू घेण्याचे काही कारण नाही. पण उत्तर मोजण्याची रीत सर्व शाळांना सारखा न्याय देते का, हे सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोकाला असलेल्या जत तालुक्यात नीट तपासता येते.

जत हे पूर्वीचे डफळे संस्थान. विलीनीकरणानंतर ते दक्षिण सातारा जिल्ह्यात आले, आणि १९६० मध्ये त्या जिल्ह्याचे नाव सांगली झाले. कृष्णाकाठचा वाळवा-पलूसचा बागायती पट्टा आणि जतचा दुष्काळी माळ एकाच जिल्ह्यात मोडतात. इथेच मोजणीची पहिली अडचण सुरू होते. केंद्राचा जिल्ह्यांसाठीचा कामगिरी श्रेणी निर्देशांक ६०० गुणांचा आहे आणि त्याचे एकक जिल्हा आहे. राष्ट्रीय सर्वेक्षणही निवडक शाळांतील मुले तपासून निष्कर्ष काढते तो जिल्ह्याचा. वाळव्यातील इस्लामपूरची शाळा आणि जतमधील उमदीची शाळा एकाच सरासरीत मिसळतात. जिल्हा वर चढला की जतची कमतरता झाकली जाते. खाली आला तरी ती नेमकी कुठे आहे ते कळत नाही.

शाळेच्या पातळीवर उतरले की दुसरी अडचण दिसते. वाडीवस्तीवरच्या शाळेचा पट पंधरा-वीस असतो आणि एका वर्गात तीन-चार मुले असतात. तिथे एका मुलाच्या निकालाने वर्गाची टक्केवारी पंचवीस ते तेहेतीस अंकांनी हलते. गेल्या वर्षी ‘प्रगत’ ठरलेली शाळा यंदा घसरली, तर त्यात शिक्षकाच्या कामापेक्षा त्या एका मुलाच्या घरच्या घडामोडींचा वाटा मोठा असू शकतो. एवढ्या लहान आकड्यांवरून श्रेणी ठरवणे गणिताच्याच कसोटीला उतरत नाही.

सर्वांत गंभीर प्रश्न स्थलांतराचा आहे. पाऊस कमी आणि शेतीचा भरवसा नाही, म्हणून जतमधील अनेक कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला बाहेर पडतात आणि हंगाम संपला की उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. शाळेचा ऐन अभ्यासाचा काळ मुलाच्या हातून नेमका तेव्हाच निसटतो. हंगामी वसतिगृहांची सोय आहे, स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्डही आहे; तरी धाकट्या भावंडाला सांभाळायला बरोबर नेलेली मुलगी फडावरच्या कोपीतच राहते. ती परत आल्यावर जो शिक्षक घरी जाऊन तिला पुन्हा वर्गात आणतो आणि वर्षअखेरच्या चाचणीला बसवतो, त्याच्या शाळेची सरासरी खाली येते. जो तिला ‘सतत गैरहजर’ दाखवून मोकळा होतो, त्याचा निकाल चांगला दिसतो. सर्वांत आवश्यक काम करणाऱ्यालाच कमी गुण देणारी श्रेणी अन्यायाची आहे, आणि त्या अन्यायाचा भार शेवटी त्या मुलीवर पडतो.

चौथा पदर भाषेचा. जतच्या सीमेलगतच्या अनेक गावांत घरची बोली कन्नड आहे आणि जिल्हा परिषदेच्या कन्नड माध्यमाच्या शाळाही आहेत. कन्नड जाणणारा शिक्षक मिळावा ही तिथली रास्त मागणी आहे. मराठी माध्यमात बसलेल्या कन्नडभाषक मुलाला पहिली-दुसरीत वाचता येत नाही, याचा अर्थ तो मागे आहे असा होत नाही. तो एकाच वेळी भाषा आणि लिपी शिकत असतो. चाचणीच्या तक्त्यात मात्र त्याच्यासाठी वेगळा रकाना नसतो.

या अहवालांच्या खरेपणाचाही विचार करायला हवा. चाचणी घेणारा, पेपर तपासणारा, गुण भरणारा आणि त्या गुणांवर जोखला जाणारा, हे सगळे बहुतेक वेळा एकच शिक्षक असतात. त्यांच्यावर केंद्रप्रमुख, त्यांच्यावर विस्तार अधिकारी आणि गटशिक्षणाधिकारी, आणि या प्रत्येकाची कामगिरी खालून येणाऱ्या आकड्यांवर मोजली जाते. अशा उतरंडीत वाईट बातमी वर जाणे अवघड असते. त्यातच दोन शिक्षकी शाळेत एक जण माहिती भरण्यात गुंतला की त्याचे वर्ग दुसऱ्याकडे जातात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता इतर अशैक्षणिक कामे शिक्षकाला देण्यास मनाई केली आहे. मात्र शाळेविषयीची माहिती भरणे हे शैक्षणिक काम मानले गेल्याने कायद्याचे ते संरक्षण इथे तोकडे पडते.

ज्या इंग्लंडातून निकालावर अनुदान देण्याची पद्धत आली, तिथे ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोडून देण्यात आली. पुढे १९९२ मध्ये ‘ऑफस्टेड’ ही तपासणी संस्था स्थापन झाली आणि कालांतराने संपूर्ण शाळेला एका शब्दाचा शेरा मिळू लागला. २०२३ च्या जानेवारीत अशा प्रतिकूल तपासणीनंतर एका मुख्याध्यापिकेने जीवन संपवले, देश हादरला, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारी शाळांसाठी तो एका शब्दाचा शेरा रद्द झाला. त्याच देशाने २०१६ पासून माध्यमिक शाळांसाठी आणखी एक मोजमाप वापरले. अकराव्या वर्षी मूल कुठे होते आणि सोळाव्या वर्षी कुठे पोहोचले, यातील अंतर त्याने पाहिले जाई. त्यातही दोष आहेत, पण सुरुवात कुठून झाली हे विचारात घेण्याची त्यामागची दिशा योग्य आहे.

जतच्या शाळांनाही हाच न्याय हवा. मुलाची तुलना आधी त्याच्याच पूर्वीच्या पातळीशी व्हावी. लहान पटाच्या शाळेचा निकाल तीन वर्षांचा एकत्र पाहावा. परत आणलेल्या स्थलांतरित मुलाची नोंद शाळेच्या बाजूने धरावी. चाचणी दुसऱ्या केंद्रातील शिक्षकांनी घ्यावी. प्रगतिपत्रक पालकाला कळेल अशा भाषेत, गरज तिथे कन्नडमध्येही, मिळावे आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ते वाचून दाखवावे. आणि शाळेच्या श्रेणीशेजारी शासनाचा हिशेबही छापला जावा: मंजूर पदे किती, भरलेली किती, वसतिगृह कोणत्या महिन्यात सुरू झाले, शिक्षकाचे किती दिवस इतर कामांत गेले. हा दुसरा तक्ता जाहीर करण्यासाठी नवीन यंत्रणा लागत नाही. ही माहिती पंचायत समितीच्या दप्तरात आजही आहे. शिक्षण विभागाने ती येत्या शैक्षणिक वर्षापासून गावोगावच्या शाळांच्या फलकावर लावावी.