दोष सांगून गुरू थांबले नाहीत

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तजयंती जवळ आली की गावोगावी श्रीगुरुचरित्राचा सप्ताह बसतो. मार्गशीर्षातले हेच दिवस आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कापूस वेचणीचे, आणि कृषी केंद्राची उधारी अन् सावकाराचा हिशेब समोर येण्याचेही. मंदिरात पारायण चालू असतं, आणि शेजारच्या घरातला कर्ता माणूस अर्ध्या भाकरीवरून उठत असतो. त्याच्याशी आपलं, पारायण करणाऱ्यांचं, काही नातं आहे की नाही?

प्रश्न आपल्या दारातला आहे. १९ मार्च १९८६ रोजी महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे पत्नी आणि चार मुलांसह हे जग सोडून गेले. त्यांच्या स्मरणार्थ अनेक जण दरवर्षी १९ मार्चला अन्नत्याग करतात. त्यानंतरही हे थांबलं नाही. २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्यांची सरकारी नोंद झाली. त्यांतल्या २२,७४६ महाराष्ट्रातल्या, सगळ्या राज्यांत जास्त. त्यांत कास्तकार आहेत, तसे मजूर, विद्यार्थी, घरच्या लेकीसुनाही आहेत.

अशी बातमी आली की आपण वडीलधारी माणसं चटकन म्हणतो, "आत्महत्या महापाप आहे." शास्त्र तेच सांगतं. पण गुरुचरित्र तिथं थांबत नाही.

आठव्या अध्यायात कुरवपूरला एक आई मंदबुद्धी मुलाला घेऊन कृष्णेत जीव द्यायला निघते. लोकांच्या बोलण्यानं ती पोळलेली असते. श्रीपाद श्रीवल्लभ तिला अडवतात, दोष सांगतात, तिचं दुःख ऐकतात आणि मुलाला जवळ घेतात. तेराव्या अध्यायात पोटशूळानं त्रासलेला ब्राह्मण गोदावरीकडे निघतो. श्रीनृसिंहसरस्वती त्याला बोलावून आणवतात आणि विचारतात, "बाबा, तुला दुःख कशाचं?" मग ते सायंदेवाला सांगतात, याला घरी ने आणि जेवू घाल. सायंदेव कचरतो, कारण अन्नानंच त्याचा त्रास वाढतो. गुरू धीर देतात, आणि तो माणूस पंगतीत जेवून बरा होतो.

आपण हे चमत्कार म्हणून वाचतो. पण क्रम पाहा: अडवलं, विचारलं, ऐकलं, आणि एका गृहस्थाच्या घरी नेलं. गुरूंनी औषध दिलं ते गृहस्थाच्या पानावरून. चमत्कार आपल्या हाती नाही, सायंदेवाचं काम मात्र आपल्याला करता येतं.

ते काम असं. माणूस अबोल झाला, झोप उडाली, "आता माझं काही खरं नाही" असं म्हणू लागला, की त्याच्याजवळ जाऊन बसा. "जिवाचं काही वाईट मनात येतं का?" असं सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट मन मोकळं होतं. उपदेश नंतर. त्याला एकटं ठेवू नका. फवारणीचं औषध कुलपात ठेवा आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या, कारण ती घडी टळली की पुष्कळदा माणूस वाचतो. मग डॉक्टरकडे न्या. मनाचं दुखणंही पोटशूळासारखं दुखणंच आहे. १४४१६ या 'टेली-मानस'च्या क्रमांकावर रात्रंदिवस, फुकट, मराठीत बोलता येतं.

सरकारचा २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदाही आता असा प्रयत्न केलेल्याला गुन्हेगार न मानता तीव्र ताणाखालचा माणूस मानतो आणि त्याची काळजी घ्या म्हणतो. कायदा इतका मऊ झाला, मग आपली जीभ कठोर का असावी?

आणि ज्या घरावर हा घाला आलाच आहे, तिथं "असं कसं झालं?" याची चौकशी करू नका. त्या माउलीला कुंकवावरून, लेकरांना बापावरून बोल लावू नका. त्यांना सणावाराला बोलवा. पाप-पुण्याचा हिशेब महाराजांकडे आहे, आपल्याकडे फक्त शेजारधर्म आहे.

कर्जाचा, भावाचा प्रश्न सरकारनं सोडवायलाच हवा, त्याला पर्याय नाही. पण तोवर माणूस जगला पाहिजे. यंदा महाप्रसादाची पंगत बसली की एकदा नजर फिरवा. दरवर्षी येणारा कोण आज आलेला नाही? त्याचं पान वाढून ठेवा, आणि त्याला बोलवायला स्वतः जा.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!