प्रारब्ध कोणाचे?

आत्याबाईंच्या स्तनाचा कर्करोग जखम होऊन बाहेर फुटला आणि तिच्या दर्पामुळे शेजारणी उंबऱ्याबाहेरूनच विचारपूस करून परतू लागल्या, त्या सुमारास रुग्णालयाच्या गृहसेवेतून येऊ लागलेल्या परिचारिकेने पहिल्याच दिवशी जखम मिठाच्या पाण्याने धुऊन तीवर मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्यांची वस्त्रगाळ पूड भुरभुरली, स्वच्छ पट्टी बांधली, आणि मग हातमोजे काढून, हात धुऊन, सावकाश त्यांची वेणी घातली. चार-पाच दिवसांत दर्प ओसरला. शेजारणी पलंगाच्या कडेला टेकू लागल्या.

अडले ते मॉर्फिनपाशी. दर चार तासांनी एक गोळी, झोपमोड टळावी म्हणून निजताना दुप्पट मात्रा, आणि सोबत न चुकता रेचक, हा डॉक्टरांनी लिहून दिलेला क्रम तिने समजावून सांगताच घरातील एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "भोग भोगूनच सरतात, सिस्टर, आज दाबले तर पुढल्या जन्मी उरतील. आणि अंतकाळी शुद्धच नसली तर नाम कोण घेणार?" हे गृहस्थ निर्दय नव्हते, आत्याबाईंपाशी बसून रोज विष्णुसहस्रनाम म्हणणारे तेच होते, आणि म्हणूनच त्यांच्या शंकेचा विचार मला गांभीर्याने करावा लागला.

प्रारब्ध म्हणजे सुटलेला बाण, तो ज्ञान्यालाही चुकत नाही, हे वेदान्ताचे म्हणणे मला मान्य आहे. परंतु ज्याच्या देहात कळ उठते त्याने स्वतःच्या धीरासाठी उच्चारावयाचा हा सिद्धान्त आहे. उशाशी बसलेल्या निरोगी माणसास त्याचा अंमल दुसऱ्यावर बजावण्याचा अखत्यार कोणी दिला? शिवाय वेदना जर प्रारब्धाने आली, तर ती गोळी घेऊन दारात उभी राहिलेली परिचारिका कोणत्या खात्यात जमा धरावयाची? आत्याबाईंचे प्रारब्ध आम्हांस अज्ञात होते. हाताशी असलेली गोळी न देणे हे मात्र आमचे क्रियमाण, म्हणजे आता हातून घडणारे कर्म, ठरले असते, आणि त्याची बाकी आमच्याच नावे निघाली असती.

मरणासन्नांच्या या शुश्रूषेला आधुनिक रूप देणाऱ्या सिसिली सॉण्डर्स प्रथम परिचारिका होत्या, डॉक्टर मागाहून झाल्या. १९६७ साली लंडनला सेंट ख्रिस्टोफर हॉस्पिस उघडणाऱ्या या श्रद्धावान ख्रिस्ती बाईंनी देह, मन, आप्तसंबंध आणि आत्मा यांचे दुःख मिळून एकच समग्र वेदना होते असे मानले, आणि कळ उसळण्याची वाट न पाहता ठरल्या वेळी औषध देण्याचा शिरस्ता रूढ केला. मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन हे तसेच हॉस्पिस १९८६ साली उभे राहिले. परंतु १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने मॉर्फिनभोवती परवान्यांचे असे कुंपण घातले होते की, २०१४ साली दुरुस्ती होईपर्यंत कित्येक रुग्णालये ते ठेवावयास धजत नसत. त्या काळात विव्हळत गेलेल्यांचे भोग प्रारब्धाचे म्हणावेत की दप्तराचे, या विचाराने माझे मन आजही क्षुब्ध होते.

अखेर गोळ्या सुरू झाल्या. पहिले दोन दिवस आत्याबाई गुंगीत होत्या, आणि वडीलधाऱ्यांचा चेहरा उतरला होता. तिसऱ्या दिवशी ग्लानी निवळली. दर दोन तासांनी कूस पालटण्याच्या नेमाप्रमाणे परिचारिकेने, "आत्या, आता खिडकीकडे वळायचं ना?" असे विचारले, तेव्हा त्यांनी मान हलविली आणि महिन्याभरात प्रथमच उशाखालची तुळशीची माळ मागितली, कळ असताना एक मणीही त्यांच्याने ओढवत नव्हता. त्या संध्याकाळी वडीलधाऱ्यांनी पोथी मिटली, चष्मा पुसला, आणि परिचारिकेने ठेवून दिलेल्या वहीत आठच्या गोळीची नोंद स्वतःच्या हाताने केली.