जिंकणारा जुगारी आणि सम्यक आजीविका



पंचशील ग्रहण करताना आपण प्राणिहिंसा, चोरी, व्यभिचार, असत्य आणि मद्य यांपासून अलिप्त राहण्याचे वचन देतो. त्यात जुगाराचे नाव नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही तो शब्द आढळत नाही. मग उद्या तुमच्याच घरातल्या शिकलेल्या मुलाने विचारले की, "बाबा, जुगारात माणूस बुडतो म्हणून जुगार वाईट, हे मला पटते. पण ज्या जुगारात गणितच माझ्या बाजूचे आहे, त्यात वाईट काय?" तर तुम्ही त्याला काय सांगाल? "वाईट म्हणजे वाईट, थोरांना उलट विचारू नये" हे उत्तर आपण मागच्या धर्मात सोडून आलो आहोत. इकडे आणलेले नाही.

असा जुगार असतो तरी का? असतो. हे प्रथमच मान्य करावे, नाहीतर पुढचा सगळा विचार लटका पडेल.

अमेरिकेत नेवाडा नावाचे राज्य आहे. तेथील लास व्हेगास शहर जुगारगृहांवर, म्हणजे कॅसिनोंवर, जगते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तेथे व्हिडिओ पोकर नावाचे यंत्र आले. पडद्यावर बावन्न पत्त्यांच्या कॅटमधून पाच पत्ते येतात. हवे ते ठेवायचे, नको ते एकदाच बदलून घ्यायचे आणि शेवटी जी जुळणी होईल तिचे पैसे यंत्र देते. समोर दुसरा खेळाडू नसतो. नेवाडाच्या नियमाप्रमाणे पत्ते दाखवणाऱ्या यंत्रात प्रत्येक पत्ता येण्याची शक्यता खऱ्या कॅटइतकीच ठेवावी लागते. शकुनीचे फासे खोटे होते म्हणून द्यूत वाईट, अशी ज्यांची समजूत आहे त्यांना हे यंत्र पेचात टाकते, कारण येथे फासे खरे आहेत.

फासे खरे असल्यामुळेच हिशेब मांडता येतो. आपल्याकडच्या मटक्यात दहा आकड्यांपैकी एक लागतो आणि रुपयाला नऊ मिळतात. म्हणजे लावलेल्या शंभरातले नव्वद परत येतात आणि दहा धंदेवाल्याकडे राहतात. मुंबईच्या गिरणगावात किती पगार या दहांच्या वाटेने गेले, ते जुन्या माणसांना ठाऊक आहे. व्हिडिओ पोकरमध्ये मात्र कोणत्या जुळणीला किती मिळेल याचा तक्ता यंत्रावरच लावलेला असतो. 'जॅक्स ऑर बेटर' हा त्यातला सर्वांत साधा खेळ. गुलामाची किंवा त्याहून वरची जोडी झाली की पैसे परत. त्या तक्त्यात दोनच आकडे पाहायचे. तीन पत्ते एका किमतीचे आणि दोन दुसऱ्या किमतीचे आले, म्हणजे फुल हाउस झाले, तर किती पट; आणि पाचही पत्ते बदामचे किंवा पाचही इस्पिकचे आले, म्हणजे फ्लश झाला, तर किती पट. हे आकडे ९ आणि ६ असतील तर एकही चूक न करता खेळणाऱ्याला शंभरातले ९९.५४ परत मिळतात. ८ आणि ५ असतील तर ९७.३०. ६ आणि ५ असतील तर ९५. यंत्र तेच, खुर्ची तीच, दिवे तेच. फरक फक्त दोन आकड्यांत. आणखी एक खेळ आहे, त्यात दुर्री कोणत्याही पत्त्याच्या जागी चालते. त्याच्या सर्वांत उदार तक्त्यावर तर शंभराचे १००.७६ होतात. अशी यंत्रे आता फार थोडी उरली आहेत, कारण कंपन्यांनाही गणित येते.

यात भर पडते ती प्रमोशनची. खेळणाऱ्याला कॅसिनो एक कार्ड देते. ते यंत्रात घातले की तो किती लावतो याची नोंद होते आणि त्यातला थोडा भाग त्याला परत मिळतो. समजा तो शेकडा पाव टक्का आहे आणि एखाद्या दिवशी तिप्पट जाहीर झाला. मग ९९.५४ मध्ये ०.७५ मिळवा. झाले १००.२९. त्या दिवशी, त्या यंत्रावर, न चुकता खेळणाऱ्याच्या बाजूला गणित झुकले. हाच त्या कसबाचा गाभा आहे. नुसता उत्तम खेळ शोधून भागत नाही, नुसते मोठे प्रमोशन पाहूनही भागत नाही. दोहोंची बेरीज पाहावी लागते. उदार यंत्रावर पुष्कळदा कार्डाचे गुण मिळतच नाहीत किंवा कमी मिळतात. सोडतीचे तिकीट दिले तर इतरांकडे अशी किती तिकिटे आहेत हे कळल्याशिवाय त्याची किंमत ठरत नाही. आणि ८-५ च्या यंत्रावर तिप्पट गुण घेऊनही बेरीज ९८.०५ च होते, म्हणजे नुकसानच.

वाचकहो, आता ही कमाई किती ते पाहा. पाव डॉलरच्या यंत्रावर प्रत्येक डावाला पाच नाणी, म्हणजे सव्वा डॉलर लागतो. तासाला ६०० डाव खेळले तर ७५० डॉलर फिरतात. त्यावर ०.२९ टक्के म्हणजे सुमारे २ डॉलर १७ सेंट. नेवाडात जुलै २०२४ पासून किमान वेतन ताशी १२ डॉलर आहे. म्हणजे त्याच दिवाणखान्यात फरशी पुसणारा माणूस या गणितज्ञाच्या पाचपटीहून अधिक कमावतो, आणि त्याला ते दर तासाला नक्की मिळतात. खेळणाऱ्याची गोष्ट वेगळी. त्याच्या परताव्यातले जवळजवळ दोन टक्के रॉयल फ्लश या एकाच जुळणीत, म्हणजे एकाच जातीच्या दश्शी, गुलाम, राणी, राजा आणि एक्का यांत, अडकलेले असतात. ती सरासरीने चाळीस हजार डावांत एकदा येते. तासाला ६०० प्रमाणे हे सदुसष्ट तास झाले. आणि तेवढे खेळूनही ती एकदाही येणार नाही अशी शक्यता शंभरात सदतीस. ती आली नाही तर तिप्पट गुणांसकट तोपर्यंत सरासरीने आठशेहून अधिक डॉलर गेलेले असतात.

पण "कमाई थोडी म्हणून वाईट" हेही उत्तर नव्हे. मोठ्या रकमेच्या यंत्रावर बसणाऱ्याचे आकडे मोठे होतात. बॉब डान्सर या टोपणनावाने लिहिणाऱ्या खेळाडूने सहा महिन्यांत दहा लाख डॉलर कसे मिळवले यावर २००३ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. तेव्हा मुलाला "जुगारात कोणीच जिंकत नाही" असे सांगू नका. ते खरे नाही. ज्या दिवशी त्याला ते खरे नसल्याचे कळेल, त्या दिवशी तुमच्या इतर सांगण्यावरचाही त्याचा विश्वास उडेल. आपला धम्म "या आणि पाहा" म्हणणारा आहे. तो आकडेमोडीला भिणारा नाही.

मग भगवान बुद्ध याविषयी काय सांगतात? गृहस्थांसाठी सांगितलेल्या सिगालोवाद सुत्तात, राजगृहाच्या वेळुवनात, सहा दिशांना नमस्कार घालणाऱ्या तरुणाला त्यांनी जुगाराचे सहा दुष्परिणाम सांगितले. जो हरतो तो गेलेल्या धनासाठी झुरतो. डोळ्यांदेखत संपत्ती जाते. सभेत त्याच्या शब्दाला किंमत राहत नाही. मित्र त्याला तुच्छ लेखतात. त्याला कोणी मुलगी देत नाही, कारण तो बायकोला पोसणार कसा? हे पाच झाले. पाचही वाचताना आपल्या डोळ्यांसमोर हरणारा जुगारी येतो. परंतु सहावा, जो सुत्तात सर्वांत पहिला आहे, तो जिंकणाऱ्याबद्दल आहे. जिंकणारा वैर निर्माण करतो.

ही पहिली ओळ आपण घाईत ओलांडतो. हरणाऱ्याचे दुःख सांगायला बुद्धाची गरज नाही, ते सावकारही सांगेल. जिंकणाऱ्यालाही दोष लागतो, हे सांगायला मात्र बुद्ध लागतो.

"पण यंत्रासमोर वैरी कोण?" मुलगा विचारील. "समोर कंपनी आहे, आणि ती तर कोट्यधीश." प्रश्न योग्य आहे. म्हणून त्याला विचारा, ते २ डॉलर १७ सेंट कोठून आले? कंपनीने ते स्वतःच्या खिशातून दिलेले नाहीत. कार्डाच्या नोंदीवरून प्रत्येक जण सरासरीने किती हरणार याचा अंदाज कंपनी काढते आणि त्या अपेक्षित हरण्यातला एक तुकडा प्रमोशन म्हणून वाटते. तिप्पट गुणांच्या दिवशी गर्दी लोटते. त्या गर्दीतले जे ८-५ किंवा ६-५ च्या यंत्रावर बसले आहेत, ज्यांना तो तक्ता वाचता येत नाही किंवा वाचायचा नाही, त्यांच्या पैशांतून तो दिवस साजरा होतो. ६-५ वर बसलेला माणूस तिप्पट गुण घेऊनही, एकही चूक न करता, तासाला सुमारे ३२ डॉलर घालवतो. चुका केल्या तर त्याहून अधिक. आणि खेळणाऱ्याला तेथे दारू फुकट मिळते, तेव्हा चुका व्हायच्याच. ज्या खेळात शुद्ध बुद्धीवर सारे अवलंबून, त्या खेळणाऱ्याला घराचा मालक फुकट दारू पाजतो, यातच पाचव्या शीलाचे निम्मे भाष्य आले.

नताशा डाऊ शुल या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी लास व्हेगासच्या यंत्र-जुगाऱ्यांचा वर्षानुवर्षे अभ्यास करून २०१२ मध्ये ग्रंथ लिहिला. त्यांना असे अनेक जण भेटले जे जिंकण्यासाठी खेळतच नव्हते. यंत्रासमोर काळाचे, पैशाचे, स्वतःच्या शरीराचे भान हरपते. त्या बेभान अवस्थेत राहता यावे एवढ्याचसाठी ते खेळत. व्हिडिओ पोकरचे खेळाडू त्यांत होते. आता सांगा, असा माणूस जे हरतो ते त्याने "दिले" असे म्हणायचे का? दुसऱ्या शीलात न दिलेले घेऊ नये असे म्हटले आहे. कायद्याने त्याने स्वतःच्या हाताने दिले. देणारे मन जागेवर होते का?

तरीही हिशेबी खेळाडूला चोर म्हणणे मला योग्य वाटत नाही. तो कोणाला फसवत नाही. तो उठून गेला तरी शेजाऱ्याला त्याचा एक सेंटही परत मिळणार नाही, ही त्याची सबब खोटी नाही. माझा आक्षेप वेगळा आहे, तो सम्यक आजीविकेचा आहे. किराणा दुकानदारही माझ्यापासून नफा घेतो. पण मी पोटभर जेवलो, माझा संसार भरभराटला, तर त्याचे बरेच होते. या खेळाडूचे उलट आहे. शेजारच्या खुर्चीवरचा माणूस तक्ता वाचायला शिकला किंवा शुद्धीवर येऊन घरी गेला, तर ज्याच्या जोरावर याचे गणित झुकते ते प्रमोशन बंद पडेल. म्हणून शेजारी बेसावध राहावा यातच याचा लाभ. तो त्याचा द्वेष करत नाही, त्याचे तोंडही पाहत नाही. मनात राग नसतानाही दुसऱ्याच्या अहिताशी बांधलेले हे हित, यालाच मी त्या पहिल्या ओळीतले वैर समजतो. कंपनीला हे पक्के कळते. कोणी नेहमी जिंकू लागला की त्याला प्रमोशनमधून वगळतात किंवा यंत्रावरचे आकडे खाली आणतात. मेजवानी हरणाऱ्यांसाठी असते.

शेअरबाजारातही असेच नाही का, असे कोणी म्हणेल. काही व्यवहारांत असेलही. तेथेही हीच कसोटी लावून पाहावी.

हे सारे दूरदेशीचे म्हणून सोडून देता येत नाही. गोव्यात १९७६ च्या जुगारविरोधी कायद्यात १९९२ साली दुरुस्ती होऊन पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांना परवानगी मिळाली आणि पुढे मांडवीच्या पात्रात कॅसिनोच्या बोटी उभ्या राहिल्या. तेथील प्रवेशशुल्कात जेवण, दारू आणि थेट रोख करता येत नाहीत अशा काही चकत्या मिळतात, हेही प्रमोशनच. २०२० पासून खुद्द गोवेकरांना त्या कॅसिनोंत खेळायला बंदी आहे. महाराष्ट्राने १९७६ साली केलेला कॅसिनोंचा कायदा कधी अमलातच आणला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द केला. मोबाइलवरील पैशांच्या खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आली. त्याआधी "पहिल्या भरण्यावर बोनस" हे शब्द तुमच्याही घरातल्या कोणीतरी वाचले असतीलच. बंदी आहे म्हणून प्रश्न मिटला असे मानू नये. गोव्याची गाडी रोज सुटते.

राहिला प्रश्न कॅसिनोत नोकरीला जाणाऱ्या मुलांचा. उपासकाने करू नयेत असे जे पाच व्यापार सांगितले आहेत ते शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचे. त्यांतही जुगार नाही. पोटासाठी तेथे पत्ते वाटणारा आणि गणित करून तेथे खेळणारा यांना एकाच मापाने मोजणे मला अन्यायाचे वाटते. पण तो स्वतंत्र विषय आहे आणि त्यावर पुढे कधीतरी सविस्तर लिहावे लागेल.