ठणठणीत दिसता की!

माझ्या पाठीच्या दुखण्याचे नाव अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस. स्वभाव मोठा तऱ्हेवाईक. ते उसळले की पहाटे कणा लाकडासारखा ताठरतो. पडून राहिलो तर अधिकच. हिंडलोफिरलो की सैलावतो. त्यामुळे नरकचतुर्दशीला अभ्यंगाच्या पाटावर बसताना डोळ्यांत पाणी, आणि दहाच्या सुमारास मी अंगणात येरझारा घालीत असतो! फराळाला आलेली मंडळी म्हणतात, "ठणठणीत दिसता की!" १९७३ साली या व्याधीचे एचएलए-बी२७ या आनुवंशिक खुणेशी नाते उजेडात आले, पण रक्तातली खूण पाहुण्यांना कशी दिसावी? विश्वास बसावा म्हणून कण्हावे, तर ते सोंग. हसून मान डोलवावी, तर तेही खरे नव्हे. शिवाय माझ्यासारख्या दुसऱ्या कुणाला ही मंडळी उद्या आळशी ठरवणार. म्हणून हल्ली मी सांगतो, "आता बरा आहे, पहाटे नव्हतो." ऐकणारे गोंधळतात; गोंधळोत बापडे. चकल्यांचा डबा मात्र खालच्या फळीवरून त्यांनीच काढावा.