व्यसनमुक्ति आणि देह

दारू सोडलेला बंधु पुन्हा घसरला, कीं त्याचा पश्चात्ताप खोटा होता असें मंडळींत लागलेंच बोलतात. हा न्याय आम्हांस उतावळेपणाचा वाटतो. बहुत वर्षें प्यालेल्यानें ती एकाएकीं सोडली, तर हातपाय कांपतात, झोंप उडते, कित्येकांस झटके व भ्रमही होतो. यांत जीवही जातो. तेथें डॉक्टर बोलावणें हा अविश्वास कसा? एलीया मरण मागत झुडपाखालीं निजला (तो मद्यपी नव्हता, पण देह तसाच खचलेला), तेव्हां दूतानें त्यास आधीं भाकर व पाणी दिलें, पुन्हा निजूं दिलें. होरेबावरील वाणी मागाहून आली. पुण्यास १९८६ सालीं निघालेल्या मुक्तांगण केंद्रांतही औषधाबरोबर संगत, काम व घरच्यांशीं बोलणें चालतें. मंडळीनें प्रार्थना करावीच. परंतु सायंकाळीं गुत्त्याची वेळ होते, तेव्हां त्याच्या ओट्यावर कोणीं जाऊन बसावें, हें पंचांनीं येत्या रविवारीं ठरवावें.