जोखीम पत्करणारा सिद्धांत

‘उत्क्रांती ही नुसती थिअरी आहे, सिद्ध कुठे झाली आहे?’ असा प्रश्न सुशिक्षित माणसेही विचारतात. रोजच्या बोलण्यात थिअरी म्हणजे तर्क. विज्ञानात मात्र तर्क ही सुरुवात असते. असंख्य निरीक्षणांना एका सूत्रात बांधणारे आणि कसोटीला वारंवार उतरलेले स्पष्टीकरण म्हणजे सिद्धांत. तो पुढे बढती मिळून ‘नियम’ होत नाही. नियम काय घडते ते सांगतो, तर सिद्धांत ते का घडते याचा उलगडा करतो. रोग जंतूंमुळे होतात, हाही सिद्धांतच आहे.

खरा सिद्धांत जोखीम पत्करतो. आपण चुकीचे ठरू शकू अशी विधाने आधीच करून ठेवतो. चार पायांचे प्राणी माशांपासून उत्क्रांत झाले असतील, तर त्यांच्यामधला दुवा सुमारे ३७.५ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत सापडायला हवा. जीवाश्मशास्त्रज्ञ नील शुबिन आणि त्यांचे सहकारी त्याच वयाचे खडक शोधत कॅनडाच्या उत्तर ध्रुवीय भागातील एल्समिअर बेटावर गेले. २००४ मध्ये तिथे त्यांना ‘टिकटालिक’चा जीवाश्म मिळाला. त्याला माशासारखे खवले आणि पर होते; पण मानही होती आणि परांत मनगटासारखी हाडे होती.

चिंपांझीत गुणसूत्रांच्या २४ जोड्या असतात, माणसात २३. दोघांचा पूर्वज एकच असेल, तर दोन गुणसूत्रे कुठेतरी जोडली गेलेली दिसायला हवीत. मानवाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रावर तो सांधा सापडला आहे. एरवी गुणसूत्राच्या टोकाला असणारी डीएनएची रचना तिथे मध्येच आढळते.

डार्विनचे सगळेच बरोबर होते असे नाही. आनुवंशिकतेविषयीची त्याची कल्पना चुकली. विसाव्या शतकात मेंडेलच्या आनुवंशिकीने तिची जागा घेतली आणि १८५९ मध्ये मांडलेला नैसर्गिक निवडीचा विचार अधिक भक्कम झाला. चूक दुरुस्त करता येणे, हेच सिद्धांताचे बळ.

२०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला. दहावीनंतर विज्ञान सोडणाऱ्या मुलांना तो पुढे वर्गात भेटणारच नाही. हे नुकसान केवळ एका धड्याचे नाही. पुरावा मागायचा कसा आणि तो मिळाल्यावर मत बदलायचे कसे, हे शिकण्याची उत्तम संधी त्यांच्या हातून जाते. ती त्यांना परत मिळायलाच हवी.