पाचवे कारण

समुद्रातील बेटावर कयाकने, म्हणजे एक-दोन माणसे मावणाऱ्या आणि वल्ह्याने चालणाऱ्या अरुंद होडीने, जाऊन तेथे तंबूत रात्र काढण्याचा बेत वरकरणी निव्वळ व्यवहाराचा वाटतो. परंतु अशा बेतात माणसाच्या हाती किती असते, आणि जे हाती नसते त्याच्यापुढे त्याने कोणती भूमिका घ्यावी, हा प्रश्न भारतीय विचारात दैव आणि पुरुषकार, म्हणजे माणसाचा स्वतःचा प्रयत्न, या जोडीच्या रूपाने फार पूर्वीपासून चर्चिला गेला आहे. छत्रपती संभाजीनगर समुद्रापासून दूर, दख्खनच्या पठारावर वसलेले असले तरी या प्रश्नाची दोन बोलकी चित्रणे त्याच जिल्ह्यातील लेण्यांत आढळतात.

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे शरीर, कर्ता, करण म्हणजे इंद्रियादी साधने, चेष्टा म्हणजे निरनिराळ्या हालचाली, आणि पाचवे दैव. या क्रमात दैवाला पहिले स्थान नाही आणि त्याला वगळलेलेही नाही, याकडे सहसा दुर्लक्ष होते. शिवाय दैव म्हणजे नशीब किंवा कपाळावरचा लेख हा रूढ अर्थ शंकराचार्यांनी येथे घेतलेला नाही. त्यांच्या भाष्यानुसार डोळा आदी इंद्रियांवर अनुग्रह करणाऱ्या सूर्यादी देवता म्हणजे दैव. सूर्याचा प्रकाश नसेल तर निरोगी डोळ्यालाही दिसत नाही, एवढी साधी गोष्ट या अर्थामागे आहे. म्हणजे दैव ही प्रयत्न संपल्यावर उरणारी अज्ञात बाकी नसून, ज्यांच्या आधारावाचून प्रयत्न सुरूच होऊ शकत नाही अशा शक्तींचा तो समूह आहे.

हा अर्थ कोकणच्या किनाऱ्यावर अक्षरशः खरा ठरतो. परंपरेने चंद्र ही मनाची देवता, आणि भरती-ओहोटीही मुख्यतः त्याच्याच ओढीने होते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास पाणी सर्वाधिक चढते-उतरते, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास हा फरक सर्वांत कमी असतो, त्याला भांग म्हणतात. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की मुंबईच्या आसपास पूर्ण भरतीची वेळ अंदाजे मिळते, म्हणजे अष्टमीला ती सहाच्या सुमारास येते, असा जुना ठोकताळा आहे. ज्या पंचांगात पुरोहित मुहूर्त शोधतो त्याच पंचांगात दर्यावर्दी पाण्याची वेळ पाहतो, आणि या दोन वाचनांपैकी श्रद्धेचे कोणते व व्यवहाराचे कोणते हे वाटते तितक्या सहज सांगता येत नाही. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा होडीला बेटाकडे नेतो, पण दमलेल्या वल्हेकऱ्याला तोच खोल पाण्यातही लोटू शकतो. दुपारी खारा वारा उलट वाहू लागून पाणी खवळते. संभाजीनगरजवळच्या नाथसागरासारख्या जलाशयावर कितीही हात बसला तरी हे ज्ञान तेथे मिळणार नाही, कारण तेथे पहिली चार कारणे कसाला लागतात. पाचवे तेथेही असते, पण जाणवत नाही.

संभाजीनगरच्या उत्तरेच्या डोंगरातील औरंगाबाद लेण्यांपैकी सातव्या लेण्यात, साधारण सहाव्या शतकात, अष्टमहाभयांतून तारणाऱ्या अवलोकितेश्वराचे, म्हणजे करुणेचे मूर्तरूप मानलेल्या बोधिसत्त्वाचे, शिल्प कोरलेले आहे. आग, सिंह, साप, हत्ती यांसारख्या भयांत फुटणाऱ्या नौकेचेही भय आहे आणि त्यात सापडलेली माणसे त्याची करुणा भाकत आहेत. हे शिल्प गर्भगृहात नसून प्रवेशद्वाराच्या बाजूला आहे, म्हणून पुढच्या वाटेला लागणाऱ्यांनी संकटाच्या आधीच त्याचे स्मरण करावे, असे त्याच्या जागेवरून सुचते. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यातील पूर्णाची चित्रकथा हा विचार अधिक खोलात नेते. शूर्पारक म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा व्यापारी पूर्ण अनेक यशस्वी सफरींनंतर भिक्षू झाला. समुद्रात सुख थोडे आणि धोके फार, असे त्याने बजावूनही त्याचा भाऊ भविल चंदनासाठी निघाला आणि वादळात सापडला. ‘दिव्यावदान’ या बौद्ध कथासंग्रहानुसार बाकीचे व्यापारी देवांचा धावा करत असता भविल मात्र निश्चल बसून तो इशारा आठवत होता. पूर्णाला शरण जाणे त्यानंतर आले. येथे स्मरण आणि पश्चात्ताप प्रार्थनेच्या आधी येतात, आणि कथेचे खरे मर्म चमत्कारापेक्षा या क्रमात आहे असे मानावेसे वाटते.

यावर एक आक्षेप गंभीर आहे. भविल चरितार्थासाठी गेला होता; हौसेने बेटावर राहायला जाणारा स्वतःहून संकट ओढवून घेतो, मग त्याने रक्षण कोणत्या तोंडाने मागावे? धर्मशास्त्रातील कलिवर्ज्य, म्हणजे कलियुगात निषिद्ध मानलेल्या आचारांच्या यादीत, द्विजाचे समुद्रगमन येते. पण त्यामागे लाटांच्या भयापेक्षा परमुलखात आचार सुटण्याची चिंता अधिक दिसते, त्यामुळे या आक्षेपाला त्या यादीचा फारसा आधार मिळत नाही. आक्षेपाचे खरे बळ दुसरीकडे आहे. आपद्धर्म, म्हणजे संकटात मिळणारी नियमांची सूट, ओढवून घेतलेल्या संकटाला लागू करणे कठीण आहे, कारण त्याची किंमत बहुधा दुसराच मोजतो: वादळात होडी घालून शोधायला निघणारा कोळी किंवा तटरक्षक दलाचा जवान.

म्हणून अशा बेतातील धर्मविचार पूजेच्या नारळापाशी थांबू शकत नाही. किनाऱ्यावरच्या गावात परतीची वेळ सांगून ठेवणे, तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक जवळ असणे, अडकून पडल्यास पुरेल असे एका दिवसाचे जास्तीचे पाणी बरोबर घेणे, आणि सिंधुदुर्ग व सुवर्णदुर्गासारख्या संरक्षित जलदुर्गांवर सूर्यास्तानंतर थांबता येत नाही हे मान्य करून दुसरे, परवानगीचे बेट शोधणे, या गोष्टी कर्त्याच्या वाट्याच्या आहेत आणि दैवाच्या नावावर त्या टाकता येत नाहीत. दैवाचा मान त्याहून वेगळ्या ठिकाणी राखावा लागतो: बेट समोर दिसत असतानाही वारा फिरला तर माघारी वळण्याची मोकळीक बेत ठरवतानाच ठेवण्यात, आणि सुट्टीचा शेवटचा दिवस परतीच्या गाडीशी इतका घट्ट न बांधण्यात की ती मोकळीक नावालाच उरेल.